जाऊबाईंचा ताप

सरकारी मोहिमेत वाटलेल्या हत्तीरोगाच्या गोळ्या काल घरात सगळ्यांनीच घेतल्या, पण ताप भरला तो एकट्या जाऊबाईंना. सकाळी दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर चक्क हसले. "घाबरू नका. रक्तातले कृमी मरताहेत, म्हणून ताप आलाय. औषध लागू पडलं!"

हे कृमी शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे हे सुतासारखे कृमी कित्येक वर्षं अंगात मुक्कामाला होते, आणि त्यांनी शरीराच्या पहारेकऱ्यांना गप्प करून ठेवलं होतं! काल गोळी पोटात गेली, कृमी मरायला लागले आणि इतका काळ मुकाट्यानं सोसणारं ते शरीर एकदम खवळून उठलं. केवढी ताकद आत दडून बसली होती! तापलेल्या कपाळावर हात ठेवताना मला काळजीपेक्षा आनंदच जास्त होत होता.

घरी येताच सासूबाईंची नेहमीची हाक आली, "मोठे, चहा टाक गं." या हाकेला जाऊबाई कधी बसून राहिल्याचं मला आठवत नाही. आज त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"मी नाही उठणार. मलाच कुणीतरी आणून द्या."

मी पळतच जाऊन गॅस पेटवला. आधण ठेवताना मनात म्हटलं, औषध भलतंच लागू पडलंय.