ताईच्या बाळाची लस आणि आमचे उंदीर

उंदरांची घाण काढणाऱ्यानं लेकराच्या लसीबद्दल बोलू नये, असं ताई आज सकाळी पुन्हा म्हणाली. महिनाभर आमचं हेच भांडण. गावी मढला तिच्या बाळाला पहिल्या डोसानंतर ताप आला, तेव्हापासून ती दुसरा देईना. म्हणते, "अंगात नसलेलं कशाला घालायचं?"

मित्रांनो, मी सातवीत शाळा सोडली, आता हैदराबादला प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे धुतो. दुपारी तिथल्या मॅडमना ताईचा प्रश्न विचारला. त्यांनी या उंदरांत माणसाची जनुकं घातलीत. त्या म्हणाल्या, "रोगाशी लढणारी प्रथिनं बनवायला शरीराकडे जनुकांचे थोडेच तुकडे असतात. रक्तातली एकेक पेशी ते वेगवेगळे निवडून जोडते, त्यातून लाखो प्रकार होतात. आपल्या उंदरांनी माणसाचे तुकडेही तसेच जोडले."

लगेच ताईला फोन लावला. "बेल्ह्याच्या बैलबाजारात आपले आप्पा बैलाचा साज कसा घ्यायचे? एका ढिगातला गोंडा, दुसऱ्यातली घुंगरमाळ, तिसऱ्यातली म्होरकी. ढीग तीनच, पण दोन बैल कधी सारखे दिसले? बाळाच्या अंगात तसंच चालतं. लस फक्त रोगाची ओळख करून देते, मग त्याला पुरून उरणारा प्रकार अंगच वाढवतं."

ती हळूच म्हणाली, "म्हंजी ते त्याच्या अंगात आदीपासनंच हाय व्हय रं?"

"हाय की!"

"येडा माझा. जाते बुधवारी. पण येष्टीचा भरवसा न्हाई, जीप करावी लागंल."

तुमच्या घरी असं कोणी घाबरलं, तर तुम्ही कसं समजावता, राव? मी जीपला आणि बाळाच्या टोपड्याला मिळून तीनशे रुपये धाडतोय.