कायद्यात न बसणारी वेल

आबा, मी तासगाव सोडलं तेव्हा एसटी स्टँडावर निम्मा तालुका लोटला होता. उरलेला निम्मा द्राक्षांवर फवारणी करत होता म्हणून आला नाही, एवढंच. तुम्ही माझ्या मांडीवर बेदाण्याची अशी थोरली पिशवी ठेवलीत की गाडी एका अंगाला कलली. म्हणालात, "कुणी गाव विचारलं तर तासगाव म्हणायचं. सांगली म्हणालास तर घरी येऊ नकोस."

ते मी आजवर पाळलं. इथं जर्मनीत एर्लांगेनमध्ये व्हिसाच्या ऑफिसातल्या बाईलाही मी बेदाण्याची प्रतवारी समजावली. तिनं ती तोंडपाठ म्हणून दाखवली, मगच माझ्या टेर्मीनचं, म्हणजे भेटीच्या वेळेचं, काम पुढं सरकलं.

आणि अशा माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच टेबलाशी बसून, एका इटालियनानं द्राक्षं शिकवावीत?

जॉर्जो त्याचं नाव. वेरोनाजवळ वाल्पोलिचेल्लाच्या उतारावर त्याचे मळे. आमच्या ईराला त्याचा पोरगा लुका आवडलाय, म्हणून मी लग्नाची बोलणी करायला बोलावलं. बोलणी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही! वाईन घेऊन आला आणि वाईनवरच बोलत बसला. बाटलीवर वाल्पोलिचेल्ला लिहायचं तर कोर्विना, कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला ही द्राक्षं मुख्य, त्यांचे टक्केही ठरलेले. बाकीच्या जाती चवीपुरत्या, त्याही कायद्यानं मान्य केलेल्याच. दुसरं काही घातलं तर वाईन अमृत होवो, नाव काढून घेतात.

आमच्याकडे सोनाका, माणिक चमन, थॉमसन बांधाला बांध लावून नांदतात. कुणी कुणाचं गाव काढून घेत नाही. मी विचारलं, "आणि तासगावचं द्राक्ष?"

तो हसला. "निश्ट एरलाउब्ट." परवानगी नाही.

आबा, तुमची नात ज्या घरात जायची, त्या घरचा कर्ता हसत हसत परवानगी नाही म्हणतो! मी टेबलावर असा हात आपटला की बेदाणे न्यूर्नबर्गपर्यंत उडाले. "आमची पोरगी मग कुठल्या टक्क्यात धरणार तुम्ही?"

"पापा, बिट्टं!" प्लीज या अर्थानं ईरा ओरडली. रागावली की तिला मराठी सुचत नाही.

जॉर्जो उठला, गाडीतून एक बिनलेबलची बाटली घेऊन आला. त्याची आई लग्न होऊन दक्षिण इटलीतून आली तेव्हा माहेरची वेल घेऊन आली होती. ती घरामागं परसात लावली. कायद्यात बसत नाही, म्हणून तिची वाईन विकत नाहीत. "पण घरी आम्ही हीच पितो," तो म्हणाला.

"आणि आई?"

"गावाला ती शेवटपर्यंत दक्षिणेकडचीच. घरात मात्र तिच्याशिवाय पान हलायचं नाही."

मघाशी द्राक्षांसाठी भडकलो होतो, आता त्या माऊलीसाठी भडकलो. जिच्या हातचं घरात रोज प्यायचं, तिची वेल परसात का? मलाही इथं अजून 'तो इंडर', म्हणजे तो भारतीय, म्हणतात आणि तासगावात आलो की 'जर्मनीवाले'. मीही परसातलाच की!

ती बिनलेबलची बाटली आम्ही दोघांनी मिळून संपवली, आणि लग्न ठरलं. वाईन झकास होती, हे मी जॉर्जोला सांगितलेलं नाही.

ईरा निघेल तेव्हा तिच्या मांडीवर मी बेदाण्याची पिशवी ठेवणार आहे. गाडी कलली तर कलू दे. कुणी गाव विचारलं तर काय म्हणायचं, ते तिचं तिनं ठरवावं. मी एवढंच सांगणार: "तुझं जे काही असेल ते दारापुढं लाव. परसात लावलंस तर मी घरी येणार नाही."