आत घटली, बाहेर वाढली

आमच्या साडूंइतका भाकितं करायला हपापलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही. पाऊस, निवडणूक असल्या किरकोळ गोष्टींना मात्र ते हात लावत नाहीत. वालूरच्या कॉलेजात ते केमिस्ट्री शिकवतात आणि कुठलीही रासायनिक क्रिया दिसली की तिची एन्ट्रॉपी वाढणार की घटणार, एवढंच सांगतात. एन्ट्रॉपी म्हणजे कणांचा पसारा, हे त्यांनी मला भर पंगतीत, तोंडाशी नेलेली जिलेबी अडवून समजावलं. गॅस तयार झाला की पसारा वाढला, अंगठा वर. गॅस खर्ची पडला की घटला, अंगठा खाली. ढोकळ्याचं पीठ फसफसलं की दारातून आरोळी, "वाढली!" बोअरच्या पाइपाला गंज दिसला की तोंड पाडून, "घटली. हवेतला ऑक्सिजन गिळला की हो यानं!" सख्ख्या पुतण्याच्या लग्नात फटाके उडाले, तेव्हा वरमाला बघायच्या सोडून हा गृहस्थ अंगठा वर करून उभा! त्यांच्या बायकोनं, आमच्या अक्कानं, कपाळाला हात लावला.

गेल्या दिवाळीआधी गोठा रंगवायचा होता. साडूंनी प्लास्टिकच्या कॅनमध्ये कळीचा चुना टाकला, वर पाणी ओतलं. मी विचारलं, "झाकण लावायचं का?"

"बिनघोर! क्रियेच्या आधी न् नंतर, दोन्हीकडं गॅसचा कण न्हाई. चुना पाणी गिळणार, पसारा घटणार, लिहून घ्या तुमी," म्हणत त्यांनी स्वतःच झाकण पिळलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कॅनवर वाकले. चुना भिजताना पाणी उकळतं, त्याची वाफ होते, हे त्या क्षणी त्यांच्या गावीही नव्हतं. फाडकन झाकण उडालं आणि चुना उजव्या डोळ्यात गेला. अक्कानं त्यांचं डोकं धरून नळाखाली डोळा धुतला, धूत राहिली, मग आम्ही जीपनं परभणी गाठली. डॉक्टरांनी डोळ्यावर पट्टी बांधली आणि म्हणाले, "दिसतंय का न्हाई, ते पट्टी काढल्यावरच कळंल."

पट्टी होती तोवर साडू मुके झाले. चहात साखर विरघळायची, अंगठा मांडीवरच. अक्का मला म्हणाली, "भाऊजी, मीच ह्यांना रोज म्हणायचे, पुरे करा ते वाढली-घटली. आता घर खायला उठायलंय हो."

पट्टी निघाली. डॉक्टरांनी डावा डोळा झाकून विचारलं, "काय दिसतंय?"

साडूंनी समोर टक लावली. "ही रडायलीय," ते म्हणाले.

आई शप्पथ, इतका मोकळा श्वास मी जन्मात घेतला नसेल! अक्का तर हसतही होती आणि रडतही होती. दवाखान्याबाहेर चहा पिताना साडू हळूच म्हणाले, "हिशोब बरोबरच होता हो. कॅनच्या आत घटलीच. पण जेवढी आत घटली त्याच्यापेक्षा लय जास्त बाहेर वाढली, सगळी उष्णता बाहेर आली. अन् बाहेर मीच होतो."

यंदा पुन्हा गोठ्याला चुना भिजवला, उघड्या घमेल्यात. पाणी ओतायच्या आधी साडूंनी चष्मा नीट बसवला आणि ओरडले, "बाहेर कोण कोण हाय?" अक्का जवळच उभी होती. त्यांनी तिचा हात धरला आणि तिला पार लिंबाच्या झाडापर्यंत नेलं. चारचौघांत त्यांनी तिचा हात धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग मला पाणी ओतायला लावलं. चुना खदखदला, वाफ उठली. मी वळून त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो काही वर झाला नाही. अक्काचा हात अजून त्यांच्या हातातच होता.