द्राक्षांना अण्णांची मंजुरी

माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या तासाला माझे सासरे घरी बसून हजर होते. दोष त्यांचा नाही. बोलावलं मीच होतं!

तेव्हा आमच्या शाळेत नुकतेच दहा संगणक आले होते आणि आल्या आल्या कुलपात गेले होते. (धूळ बसू नये म्हणून!) मला त्या खोलीची किल्ली हवी होती. इंटरनेटवर एकच पान उघडायचं आणि सगळ्या मुलांनी त्या दहा संगणकांवरून त्यावर एकत्र इंग्रजी लिहायचं, असं मी एका प्रशिक्षणात शिकून आले होते. इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारी माझी आठवीची पोरं निदान अशी तरी लिहितील, ही आशा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "संस्थेच्या अध्यक्षांसमोर एक तास घेऊन दाखवा. जमलं तर किल्ली तुमची. नाहीतर त्या खोलीत खेळाचं सामान ठेवायचंय."

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर लाल पेनाने दुसऱ्यांचे मसुदे सुधारले. अजूनही घरी आलेली लग्नपत्रिका ते दुरुस्त करून परत पाठवतात! (माझ्या बहिणीचीही पाठवली होती.) इंदिरानगरच्या आमच्या घरी मी त्यांना ते पान उघडून दिलं.

"अण्णा, बरोब्बर अकराला फक्त 'हॅलो' लिहा. दुसऱ्या ठिकाणाहूनही लिहिता येतं, हे पाहुण्यांना दिसू दे."

"एवढंच? नुसतं हॅलो?" अण्णांचा चेहरा पडला. तिथेच मी शहाणं व्हायला हवं होतं.

अकरा वाजले. अध्यक्ष पहिल्या बाकावर फेटा सांभाळत बसले. पोरांनी मित्राला पत्र लिहायला घेतलं. समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरने मोठ्ठी अक्षरं उमटली. 'डिअर राहुल, कम टू नाशिक. वुई विल ईट ग्रेप्स.' मला भरून आलं हो!

आणि 'डिअर राहुल' गायब झाला. त्या जागी आलं, 'रिस्पेक्टेड सर'. पाठोपाठ, 'यू आर हिअरबाय डायरेक्टेड टू कम टू नाशिक.'

"मॅडम, माझी द्राक्षं कुणी खोडली?" मागून सायली ओरडली.

द्राक्षं खोडली नव्हती. 'सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी' झाली होती!

मी पळत ऑफिसात गेले आणि घरी फोन लावला. सासूबाई कुजबुजल्या, "अगं, ते कामात आहेत. ऑफिसचं काहीतरी आलंय म्हणे. निवृत्त झाल्यापासून इतके खूश पहिल्यांदाच दिसतायत. तू नको मध्ये बोलूस." आणि फोन ठेवला!

धापा टाकत परत आले आणि त्याच पानावर लिहिलं, 'अण्णा, प्लीज स्टॉप.' दोन सेकंदांत वाक्य सुधारून झालं. 'काइंडली स्टॉप.' अख्खा वर्ग खिदळला. मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. झालं, गेली माझी किल्ली!

तेवढ्यात पानावर कुणीतरी विचारलं, 'हू आर यू?'

उत्तर आलं, 'द अंडरसाइन्ड.' (म्हणजे खाली सही करणारा!)

मग काय विचारता! एरवी 'गुड मॉर्निंग'पुढे न जाणारी पोरं त्या अंडरसाइन्डवर तुटून पडली. सायलीने तर खडसावलंच, 'सर, राहुल इज फ्रेंड. नॉट ऑफिसर. गिव्ह बॅक माय ग्रेप्स!'

मग आलं, 'नोटेड. ग्रेप्स रिस्टोर्ड.' पोरांनी बाकं बडवली.

अध्यक्ष मांडीवर थाप मारून म्हणाले, "लय भारी! पोरं साहेबाशी इंग्रजीत भांडत्यात! कोण हाय हा माणूस?"

"माझे सासरे," मी पुटपुटले.

"मग किल्ली द्या त्यांना! येऊ द्या आठवड्यातनं दोनदा."

अशी ती किल्ली आमच्याच घरात आली, पण अण्णांच्या खिशात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी शाळेत पोचायचे. पोरं धडाधड इंग्रजी लिहायला लागली, मी खूश होते, सासूबाई तर माझ्याहून खूश. फक्त एकदा बुधवारी मला खोली हवी होती म्हणून स्वयंपाकघरातून हाक मारली, "अण्णा, जरा किल्ली देता का?"

"रीतसर अर्ज कर."

केला. संध्याकाळी चहाच्या कपाखाली परत आला, लाल शाईत शेरा मारून: 'मसुदा सुधारून पुन्हा सादर करावा.'