सुरतचा भंडारी

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात सुरत स्टेशनवर आम्हाला पोचवायला दोन आया आल्या होत्या, माझी आणि सुदामची. लिंबायतच्या चाळीत आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत. उधन्याच्या खानावळीत लूमवाल्यांना, म्हणजे यंत्रमागावरच्या कामगारांना, जेवू घालता घालता आम्ही बरोबरीने मोठे झालो आणि बरोबरीनेच बोटीवर निघालो. मी भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. तो माझा जोडीदार. आईने कळण्याच्या भाकरी आणि घरच्या काळ्या मसाल्याची पुरचुंडी हातात दिली. गाडी हलली तशी खिडकीबरोबर चालत म्हणाली, "एकमेकले संभाळज्यात रे भो!"

बोटीवर माझं बरं चाललं होतं. लाटा उसळल्या की पातेल्यांना सळ्या लावून अडकवायचं, नाहीतर अर्धी डाळ जमिनीवर. आईचा मसाला पडला की बंगाली असो की मल्याळी, सगळे ताट पुसून खायचे. कुठला म्हणून विचारलं की मी सांगायचो, सुरतचा. सुदाम सांगायचा, अमळनेरचा. लिंबायतमध्ये तशीच रीत आहे. जन्म सुरतेत झाला तरी गाव विचारलं की बापाचं सांगायचं. मला ते कधी जमलं नाही. अमळनेर माझ्याही बापाचं गाव, पण तिथे मी लग्नाकार्यापुरता गेलेलो.

गणपतीनंतर आम्ही आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून होतो. रेडिओवर बातमी आली की सुरतेत प्लेग पसरलाय, लोक मिळेल त्या गाडीने पळताहेत. खलाशांचा मुकादम, ज्याला सारंग म्हणतात, तो गॅलीच्या, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघराच्या, दारात आला. "सूरत का कौन है इधर?"

सुदाम कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "मैं तो अमलनेर का हूँ. सूरत का ये है."

सुरत सोडून आम्हाला महिने उलटले होते. तो हिशेब कोणी केला नाही. त्या दुपारी माझी डाळ होती तशी परत आली. मला मागच्या टोकाच्या केबिनमध्ये बसवलं आणि दाराशी ताट सरकवू लागले. डावाला हात लावायची मला बंदी होती. डाव आता सुदामकडे होता. दुसऱ्या दिवशी फोडणीचा वास आला आणि मी ताडकन उठून बसलो. माझ्या आईचा मसाला होता तो! भरल्या ताटावर बसून मी रडलो.

आई जिवंत आहे की नाही, हेही मला माहीत नव्हतं. ज्याच्याशी बोलावं असा एकच माणूस बोटीवर होता आणि तो लिंबायतचं नाव काढायला तयार नव्हता. त्याची आईसुद्धा तिथेच होती. तिची चौकशीही त्याने कोणाजवळ केली नाही. केली असती तर पकडला गेला असता.

पुढे दोघंही घरी आलो. तेव्हा कळलं, प्लेगच्या दिवसांत चाळ अर्धी रिकामी झाली तेव्हा सुदामची आई तापाने फणफणत होती. लोक सांगत होते, निघा, निघा. माझी आई तिच्या उशाशी बसून राहिली. ताप साधाच निघाला, पण तेव्हा ते कोणाला ठाऊक होतं?

आईने मला दारातच विचारलं, "सुदामले संभाळं ना रे?"

"हो," म्हणालो. सुदाम शेजारच्या दारात उभा होता, तो आत गेला.

चाळीतल्या मंडळींनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही विचारता की मी वास्कोत कँटीन टाकून का बसलो, लिंबायतला का परतलो नाही. आईला मी बोटीवरचं कधीच सांगितलं नाही, आणि भिंतीपलीकडे तो असताना तिच्याजवळ राहून ते लपवणं मला जमलं नसतं. आता तिथे त्याने माडी चढवली आहे. दारावर त्याच्या नावाची पाटी आहे, आणि कोणी गाव विचारलं तर तो आता पक्का सुरती. सुरतचा म्हणून वाळीत पडलो तो मी.

अजूनही गल्ल्यावर नवं गिऱ्हाईक विचारतं, शेठ, गाव कोणतं? सुदामने ते गाव माझ्याकडून काढून घेतलं, तरी तोंडात दुसरं नाव येत नाही. सुरत, असंच सांगतो.