आत्याबाईंच्या ओव्या

जव्हारला मी बैलगाडीतून आले. पुढे गाडीवान, त्याच्यामागे सासूबाई, मग तांदळाची पोती, भांड्यांची टोपली, जातं आणि सगळ्यात मागे मी. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणत. माझ्या नवऱ्याला दरबारच्या कचेरीत कारकुनी लागली होती. समुद्रकाठचं आमचं गाव सोडायला आत्याबाईंची मुळीच तयारी नव्हती, पण मुलगा परमुलखात एकटा राहणार, बायको अजून पोरसवदा, तेव्हा त्या आल्या. वाटभर त्यांचं तोंड चालू होतं. घाट लागला तशी त्यांनी गाडीवानाला बैल कसे हाकावेत तेही शिकवलं.

बाजारापासून जवळच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर मिळालं. कुडाच्या भिंती, वर कौलं, मागे थोडी मोकळी जागा. त्या घरात आत्याबाईंचं राज्य सुरू झालं. भाकरी किती जाडीची थापावी, घागर कमरेच्या कुठल्या अंगाला घ्यावी, सगळं त्या सांगत. मी ऐकत असे. सून झाल्यावर ऐकायचंच असतं असं आईने सांगून ठेवलं होतं.

उन्हाळ्याच्या अखेरीला एका सकाळी त्या चुलीपुढे बसल्या होत्या, त्या तशाच बाजूला कलंडल्या. अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय मेल्यासारखा झाला, तोंड वाकडं झालं. वैद्य आले, त्यांनी तेल दिलं, मात्रा दिल्या आणि ह्यांना बाहेर नेऊन सांगितलं की आता सेवा करायची, दुसरं काही हातात नाही.

आठवड्याभराने आत्याबाईंना वाचा आली, पण एकाच शब्दाची. हळद. पाणी हवं असलं तरी हळद, कूस बदलायची असली तरी हळद, रागावल्या तरी हळदच. डोळ्यांवरून कळे की त्यांना म्हणायचं काहीतरी दुसरंच आहे आणि तोंडातून भलतंच निघतंय हे त्यांना ऐकू येतंय. मग त्या डाव्या हाताने खाटेची कड पकडत आणि भिंतीकडे तोंड करत.

आमच्याकडे मोळी घेऊन येणारी एक बाई होती, गावाबाहेर शिरपामाळाच्या अंगाला कुठे तिचा पाडा होता. दिवसाकाठी माझ्याशी दोन शब्द बोलणारी तेवढीच. ती एकदा दाराशी टेकली आणि म्हणाली, "बाय, तुजी म्हातारी हलद हलद करतं. दे ना तिला हलद."

मी खरंच आत जाऊन हळदीचा डबा आत्याबाईंपुढे धरला. त्यांनी तो डाव्या हाताने उडवला. जमीन, खाट, माझं लुगडं, सगळं पिवळं झालं. ते पुसताना मला रडू आलं.

पाऊस लागल्यावर घर बंद पेटीसारखं झालं. जव्हारचं धुकं दारातून थेट आत येई आणि चुलीच्या धुरात मिसळून कौलांखाली बसून राही. आत्याबाईंच्या खालची धडुती रोज बदलावी लागत आणि एकही वाळत नसे. चुलीवर दोरी बांधून मी ती वाळवी, त्यामुळे भातालाही तोच वास येई. विहिरीवर गेले तर दोर ओढतानाच कान घराकडे. तिथवर हाक येई, "हळद, हळद." शेजारणींशी दोन मिनिटं उभं राहणं संपलं. देवळात जाणं संपलं. हे कचेरीतून येत, आईच्या उशाशी बसत, "कसं आहे" असं मला विचारत आणि मी "आहे तसंच" म्हणत असे. मग ते ओसरीवर जाऊन बसत. त्यांना बाहेर ओसरी होती, कचेरी होती. मला ती खाट आणि तिच्याभोवतीची चार हात जागा.

कधी वाटे, वारं दोघींच्याही अंगावरून गेलंय.

दळण एक गडीण येऊन दळून देई. आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली तशी ती खाचरात गेली आणि आमचं पीठ संपलं. आत्याबाईंना एकटं सोडता येईना, म्हणून मी जातं ओढत त्यांच्या खोलीत आणलं आणि खाटेच्या पायथ्याशी नाचणी, इथली नागली, दळायला बसले. गाण्याची इच्छा नव्हती. पण जातं फिरायला लागलं की गळा आपोआप हलतो. आईची एक ओवी ओठावर आली.

खाडीच्या पल्याड, दिवा कोणाचा जळतो

पुढची ओळ आठवेना. मी तीच पुन्हा म्हटली आणि मूठ घालायला थांबले. तेवढ्यात मागून आवाज आला.

भाऊ माझा बाई, होडी बांधून वळतो

स्वच्छ. एकेक अक्षर मोकळं. मी वळून पाहिलं. आत्याबाई आढ्याकडे बघत होत्या आणि त्याही माझ्याइतक्याच घाबरल्या होत्या. मी विचारलं, "आत्याबाई, बोलता येतंय?" त्यांनी तोंड उघडलं, खूप जोर लावला. "हळद," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मला काय सुचलं कोण जाणे, मी परत खुंटा धरला. जातं फिरलं. मी पहिली ओळ म्हटली, त्यांनी दुसरी. मग त्यांनी स्वतःच एक सुरू केली, मला अजिबात ठाऊक नसलेली. दळण संपेपर्यंत आम्ही गात होतो. जातं थांबलं तशा त्याही थांबल्या.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ते आईजवळ गेले, म्हणाले, "आई, गा बघू." त्या हळद म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. दुसऱ्या दिवशी ते कचेरीतून लवकर सुटले. आम्ही दोघी दळत होतो. गाणं थांबल्यावर मी बाहेर आले तर ते उंबऱ्यावर बसलेले, छत्री मिटायचं भान नाही, पायांत वहाणा तशाच.

"बाबा गेल्यापासून ती गायली नव्हती," ते म्हणाले.

त्यानंतर गडीण परत आली तरी दळण मी सोडलं नाही. दिवसभर ओढून धरलेला जीव त्या तेवढ्या वेळात सैल पडे. आत्याबाईंच्या पोटात ओव्यांची कोठारंच होती. भावाच्या, म्हशीच्या, विसरभोळ्या सोनाराच्या. एकदा त्यांनी ही म्हटली:

सासूच्या राज्यात, तोंड शिवून मी राही
जात्यापाशी बाई, बोलते सारं काही

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं आपण कोणापुढे काय म्हटलं. मी पदर तोंडाला लावला. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू आधी हलली, मग खाट हलायला लागली. आम्ही दोघी इतक्या हसलो की मोळीवाली दारातून डोकावून गेली. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच मोठ्याने हसले होते.

मग मी स्वतः जुळवू लागले. भांडी घासताना एक ओळ, धडुती पिळताना दुसरी. आमच्या घागरीत शिरलेल्या बेडकावर एक केली. मोळीवालीचं इरलं, म्हणजे पानांचं ते पाठीवरचं छप्पर, धुक्यातून एकटंच चालत आल्यासारखं दिसे, त्यावर एक. दुपारी दळताना जुळलेली ओवी मी आत्याबाईंना ऐकवी. पसंत पडली तर त्या डाव्या बोटांनी खाटेच्या कडेवर ताल धरत. नाही पडली तर डोळे मिटत, मग मी शब्द बदलून बघे. घराच्या भिंती होत्या तिथेच होत्या. दळण आटोपलं की पुन्हा तीच हाक, तीच धडुती, तोच वास. पण उद्या काय म्हणायचं याचा विचार करत ते सगळं होऊन जाई.

दिवाळीनंतर वाट सुकली आणि माझा भाऊ न्यायला आला. ह्यांनी शेजारच्या एका बाईला आईकडे बघायला सांगून ठेवलं, मला म्हणाले, "जाऊन ये, वर्ष होत आलं." मी बोचकं बांधलं. निघण्याआधी थोडं दळून ठेवावं म्हणून बसले आणि ओवीतूनच विचारलं, माहेरी जाऊ का. आत्याबाईंना नवी ओळ जुळवता येत नसे, जुनीच तेवढी येई. त्या आठवणीत शोधत राहिल्या, आणि मग जात्याचीच एक जुनी ओळ म्हणाल्या:

जड हे जातं बाई, एकटीला ओढवेना

एवढंच म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

भाऊ ओसरीवर थांबला होता. मी बोचकं सोडलं, आईसाठी बांधलेला नागलीचा लाडू काढून त्याच्या हातात दिला आणि पुढच्या खेपेला येईन म्हणून सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, ह्यांनीही विचारलं. कुणी अडवलं नव्हतं, म्हणून रागवायलाही कोणी नव्हतं. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी राहिले. त्या दिवशी मी दळले नाही आणि आत्याबाईंनी हाकही मारली नाही.

होळीच्या आधी त्या झोपेतच गेल्या. आदल्या दुपारी आम्ही दळत होतो. त्यांचा आवाज बारीक झाला होता, ओळीचा शेवट मीच पुरा करत होते.

दिवसपाणी झाल्यावर मी माहेरी गेले. खाडीचा वारा लागला तरी मला आनंदही होईना आणि रडूही येईना. मी नुसती झोपले. आई अधूनमधून येऊन अंगावरचं पांघरूण सारखं करून जाई. आठवड्यापुरतीच आले होते. निघताना आईने विचारलं, आता एकटीला घर खायला उठेल का, तर मी म्हटलं, माहीत नाही.

परतताना घाट लागला, तेव्हा खाली समुद्राकडे कामाला निघालेली माणसं पोराबाळांसकट समोरून उतरत होती. त्यांना वाट द्यायला गाडी कडेला घेतली. मी उतरले. गाडीवानाला म्हटलं, तू हो पुढे, मी चालत येते. तो थोडा घुटमळला आणि गेला. करवंदीच्या जाळ्यांना फुलं आली होती. मागून कुणी हाक मारणार नव्हतं. जव्हारचं पठार लागेपर्यंत मी चालत होते, हवं तितकं हळू, आणि मधेच थांबून श्वासही घेत होते.