शनिवारची खुर्ची

आमचा आल्बर्ट जन्मभर मालवाहू बोटीवर. रिटायर होऊन उत्तनला आला तेव्हा म्हटलं, चला, आता तरी नवरा हाताला लागला. कसलं काय! दर शनिवारी गुळगुळीत दाढी करून, परदेशी सेंट फवारून साहेब निघाले बेव्हर्ली पार्क सोसायटीत, हंसाबेनच्या घरी. हंसाबेन रिटायर प्रोफेसर, एकटी राहते, केस अजून काळेभोर. माझा जळफळाट होणार न्हाय तर काय?

"करता काय तिकडं?" मी विचारलं.

"जगाच्या राजकारणावर बोलतो. क्रिटिकल थिअरी. जग असं का चाललंय, त्यात फायदा कोणाचा, ज्यांचं कोणी ऐकतच न्हाय त्यांचं काय, हे विचारायचं."

"मग आधी माझं ऐक. बोंबील पडलेत, ते लटकव."

"ते बायकांचं काम, टेरेझा." आणि गेला!

दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर सुकत टाकायची, अशी आमची रीत. त्या दिवशी प्रत्येक जोडीत मला हीच दोघं दिसायला लागली. डोकं असं फिरलं की हात धुतले न धुतले, रिक्षा केली आणि थेट हंसाबेनचं दार गाठलं.

दार उघडंच होतं. हॉलमध्ये माणसं बसलेली. मधल्या खुर्चीत आमचा आल्बर्ट, आणि समोर हंसाबेन हनुवटीला हात लावून त्याच्याकडं बघतेय. मेली पापणी पण हलवत न्हवती.

आल्बर्ट सांगत होता, "दोन सरकारांचं भांडण, आणि आमची बोट अडकली परक्या बंदरात. टीव्हीवर रोज तेल किती अडकलं ते सांगायचे. आतल्या माणसांचं नाव न्हाय. आणि त्या माणसांसाठी किनाऱ्यावर कोण थांबलंय, ते तर कोणाच्या गावीच न्हाय."

"वाह, आल्बर्टभाई!" हंसाबेन म्हणाली. "हीच तर थिअरी. किती विचार करता तुम्ही!"

अगं बाई! हे तर माझं बोलणं, शब्दन् शब्द! बोट सुटून तो घरी आला त्या दुपारी मी रडत-भांडत ऐकवलं होतं. तेव्हा तो घोरत होता. म्हणजे मेला जागा होता!

हंसाबेनचा राग होताच, पण आता तिच्यापेक्षा त्या खुर्चीनं माझं काळीज जळायला लागलं. बोलणं माझं आणि वाहवा याला? चपला काढल्या आणि सरळ आत गेले.

"किनाऱ्यावर थांबलेली ती मीच. ऊठ!"

आल्बर्ट कानापर्यंत लाल झाला. पण उठला.

आता शनिवारी मी जाते. आल्बर्ट घरी बोंबील लटकवतो आणि सगळी आळी त्याला हसते. निम्म्या जोड्या सुटून खाली पडतात, मांजरांची चंगळ.

परवा निघताना हंसाबेननं हळूच विचारलं, "आल्बर्टभाई कसे आहेत? हल्ली येत नाहीत."

"मजेत हाय," मी म्हटलं. "तुम्ही जगाचं बघा. त्याचं बघायला मी हाय."